मेहरूणच्या माशाचा चष्मा

जळगावच्या भाजीबाजारात कच्चे, पांढुरके, दगडासारखे टोमॅटो ‘वा, काय पिकलेत!’ म्हणून पिशवीत भरून घेणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो माणूस डोळ्यांचा शास्त्रज्ञ होता. भाजीवाल्या बाया त्याची वाट बघत बसायच्या. आयुष्यात कधीही पिकणार नाही अशी शपथ घेतलेला माल त्या अहिरे सरांसाठी राखून ठेवायच्या. दोष टोमॅटोचा नव्हता, सरांच्या नजरेचाही नव्हता. दोष चष्म्याचा होता.

डॉ. शांताराम अहिरे आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. मी पदार्थविज्ञान शिकवायचो, म्हणजे निदान पगार तरी त्याचाच घ्यायचो. काळ ऐंशीच्या दशकाच्या अखेरचा. सरांचं सगळं संशोधन अंधारात चाले, आणि अंधाऱ्या खोलीत शिरण्याआधी डोळ्यांना अंधाराची सवय लागावी म्हणून ते अर्धा तास लाल काचांचा, कडेने कातडं लावलेला गॉगल घालून बसत. लाल उजेडाने अंधारातली नजर बिघडत नाही, हे शास्त्र. पण अर्धा तास नुसतं बसणं सरांच्या रक्तात नव्हतं. त्या वेळात ते भाजी आणत, बँकेत जात, पोस्टात जात. लोकांना वाटे यांचे डोळे आलेत. बँकेतली रांग त्यांना पाहून अशी दुभंगायची की कॅशियर खिडकी सोडून मागच्या भिंतीला टेकायचा. सरांना वाटे, जळगावचे लोक फार अदबशीर.

त्या गॉगलने एकदा प्राचार्यांनाही सरळ केलं. आमचे प्राचार्य मेमो लाल शाईने लिहीत; निळ्या शाईत दरारा नसतो असं त्यांचं मत होतं. सरांना उशिरा येण्याबद्दल मेमो गेला. सरांनी गॉगलमधून पाहिलं आणि कागदामागे लिहून परत पाठवलं, ‘कोरा कागद पोचला. आभार.’ प्राचार्यांनी दुसरा मेमो पाठवला, आणखी लाल. ‘हाही कोराच. कागदाची टंचाई असताना असं करू नये.’ तिसऱ्या वेळी प्राचार्य स्वतःच कागद फडकावत आले, तेव्हा त्यांचा चेहरा इतका लालबुंद झाला होता की गॉगलमधून तोही दिसला नसणार. सरांनी गॉगल काढला, मेमो शांतपणे वाचला आणि म्हणाले, “अक्षर फार सुंदर आहे तुमचं.” त्या दिवसापासून प्राचार्य निळ्या शाईवर आले.

सरांचा विषय होता डोळ्याच्या पडद्यातलं रंगद्रव्य. रोडॉप्सिन त्याचं नाव, पण सर ते एखाद्या लाडक्या भाचीचं घ्यावं तसं घेत. “उजेडाचा एक कण येतो,” ते सांगत, “पडद्यातला एक रेणू जरासा कमरेत वळतो, आणि तेवढ्यावरून मेंदूला कळतं की समोरून म्हैस येते आहे. चौधरी, म्हैस केवढी, रेणू केवढासा! पण तो कमरेत वळला नाही, तर म्हैस अंगावर.” वळला की रेणूचा रंग उडतो. गुलाबी द्रव्य फिकं पिवळं होऊन जातं. म्हणून ते डोळ्यातून काढणं, नळीत भरणं, मोजणं, सगळं मिणमिणत्या लाल दिव्यात करायचं. एकदा पांढरा उजेड लागला की त्या नळीत मोजण्यासारखं काही उरत नाही.

मुंबईच्या एका मोठ्या संस्थेत त्यांची पीएच.डी. झालेली. मग चार वर्षं परदेशात. तिथे त्यांनी बैलाच्या डोळ्यावर जे काम केलं त्याची एक ओळ आता पाठ्यपुस्तकात आहे. ती ओळ मी स्वतः पाहिली आहे. तिच्यात सरांचं नाव नाही, पण ओळ त्यांचीच. परदेशातून त्यांना पत्रं येत, आणि पाकिटावर ‘अहिरे, डोळा, जळगाव’ एवढंच लिहिलेलं असलं तरी पोस्टमन ती बिनचूक आणून देई. आता खरं सांगायचं तर पाकिटावर पत्ता पूर्ण असायचा. पण नसता तरी त्याने आणून दिलीच असती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

असा माणूस जळगावला परत का आला? ज्याने विचारलं त्याला सरांनी वेगळं उत्तर दिलं. प्राचार्यांना सांगितलं, तिकडे वांग्याचं भरीत मिळत नाही. पोरांना सांगितलं, तिकडे थंडीत डोळ्यातलं पाणी गोठतं. मला मात्र एकदा संध्याकाळी मेहरूण तलावाच्या बांधावर बसून खरं ते सांगितलं.

“तिकडे बैलांचे डोळे बर्फाच्या पेटीतून यायचे, चौधरी. शंभर शंभर. स्वच्छ, एकसारखे. त्या बैलाने जन्मभर काय बघितलं, हे विचारायची पद्धतच नव्हती. मला ते विचारायचं होतं.” मग त्यांनी तलावाकडे हनुवटी केली. “हे पाणी बघा. मेमध्ये काचेसारखं असतं. श्रावणात चहासारखं. आत राहणारा मासा तोच. मग त्याने काय करावं?”

“पोहावं,” मी म्हणालो.

“चष्मा बदलावा,” सर म्हणाले.

त्यांच्या डोक्यातली कल्पना अशी. गढूळ पाण्यात निळा-हिरवा उजेड मरतो, लाल तेवढा खाली पोचतो. माशाच्या डोळ्यात दोन तऱ्हेची रंगद्रव्यं असू शकतात. एक नेहमीचं, दुसरं लाल उजेड जास्त पकडणारं. सरांचं म्हणणं, मेहरूणमधला राहू मासा पाणी गढूळ झालं की आतल्या आत द्रव्याची अदलाबदल करतो आणि पाणी निवळलं की पुन्हा जुन्यावर येतो. दुसऱ्या देशांतल्या माशांबद्दल असं काहीबाही छापून आलं होतं. आपल्या तळ्यातल्या, आपल्या पावसातल्या माशाबद्दल कोणी विचारलंसुद्धा नव्हतं. बारा वर्षं शिकवण्यातून उरलेल्या वेळात सरांनी ते मोजण्याची रीत बसवली होती. यंत्र विकत घेणं शक्य नव्हतं, म्हणून आमच्या विभागाने मोडीत काढलेल्या एका वर्णपटमापकाला प्रोजेक्टरची भिंगं आणि एक सुईवालं मीटर जोडून त्यांनी ते घडवलं. मोडीत काढलेल्या वस्तूंच्या यादीवर सही माझी होती. विज्ञानाला माझी एवढीच देणगी.

शिकवण्याची त्यांची तऱ्हाही अंधाराचीच. पहिल्या वर्षाच्या पोरांना ते जत्थ्याने अंधाऱ्या खोलीत नेत, दार लावत आणि काही न बोलता बसून राहत. मीही एकदा बसलोय. पहिली पाच मिनिटं पोरं फिदीफिदी हसतात. पुढची पाच कोणीतरी कोणाला तरी चिमटे काढतं. मग सगळे गप्प होतात, आणि आपण आंधळे झालो की काय असं प्रत्येकाला मनातून वाटू लागतं. वीस-पंचवीस मिनिटांनी, कुठूनही उजेड आलेला नसताना, शेजाऱ्याचं नाक दिसायला लागतं. मग कपाळ. मग समोरची अख्खी रांग. दाराच्या फटीतून येणारा एवढासा उजेड पहिल्यापासून तिथेच होता. मग सर हळूच विचारत, “आता किती जण आहोत आपण?” आणि पोरं मोजायची. असा तास मी दुसरा पाहिला नाही. मी हे माझ्या विषयात करून पाहिलं, तर अर्धा वर्ग खिडकीतून पळाला.

या अंधाऱ्या खोलीचा रखवालदार म्हणजे सुपडू पाटील, आमच्या प्रयोगशाळेचे शिपाई. पारोळ्याकडच्या खेड्यातले. वयाने सरांच्या बरोबरीचे. सर त्यांना सुपडूभाऊ म्हणत, आम्ही सगळे सुपडूआबा. मिशी अशी की तिच्यावर दोन चिमण्या शेजारी शेजारी बसाव्यात. खोलीची एक किल्ली सरांकडे, दुसरी आबांच्या करगोट्याला. सर आत असले की आबा दारात स्टूल टाकून बसत, आणि त्या दारापुढून प्राचार्यांनाही जाता येत नसे. “आत अंधार चालू शे,” ते सांगत. जसा काही पंखा चालू असावा.

सर पुढच्या मे महिन्यात निवृत्त होणार होते, त्याच्या आधीच्या पावसाळ्यात त्यांनी शेवटचं मोजमाप मांडलं. आषाढापासून आश्विनापर्यंत दर पंधरवड्याला भोई मासे आणून देत. मासे एक दिवस झाकलेल्या रांजणात, पूर्ण अंधारात ठेवायचे. मग लाल दिव्यात डोळे काढून द्रव्य नळ्यांत भरायचं, नळ्या काळ्या कापडात गुंडाळून खोलीतल्या फ्रिजमध्ये गोठवायच्या. मोजायचं मात्र सगळं एकाच दिवशी, एकाच दिव्याखाली. “वेगवेगळ्या दिवशी मोजलं तर मासा बदलला का माझा दिवा बदलला, कसं कळणार?” उन्हाळ्याचे आकडे हातात होते, तरी त्याच दिव्याखाली पुन्हा मोजायला उन्हाळ्याच्या थोड्या नळ्या राखून ठेवल्या होत्या. पावसाळ्याच्या नळ्याही फ्रिजमध्ये होत्या. मोजणी ठरली दसऱ्यानंतरच्या सोमवारी.

दसऱ्याला सर दरवर्षी धुळ्याला बहिणीकडे जात. तिथल्या बुद्धविहारात त्या दिवशी त्यांचं भाषण असे. विषय काहीही दिलेला असो, तिसऱ्या मिनिटाला ते डोळ्यावर येत, आणि दरवर्षी त्याच बाया पुढे बसून तेच नव्याने ऐकत.

आणि दसऱ्याला सुपडूआबा दरवर्षी प्रयोगशाळेची पूजा करत. शेतकऱ्याने नांगर-विळे पुजायचे, सुताराने करवत, तसं आबांनी सूक्ष्मदर्शक. अंधाऱ्या खोलीच्या मात्र बंद दारालाच झेंडू आणि कुंकू, कारण सरांची तशी सक्त ताकीद. पण त्या वर्षी आबांच्या मनाने घेतलं, की साहेबांचा हा इथला शेवटचा दसरा. दारावरून परत जाणं बरं नव्हे. त्यांनी आंघोळ करून, नवी टोपी घालून दार उघडलं. यंत्र पुसलं. फ्रिजमधून नळ्या काढल्या. त्या काळ्या कापडात गुंडाळलेल्या! सणाच्या दिवशी काळं कापड! त्यांनी ते सोडून दूर टाकलं, एकेक नळी स्वच्छ पंच्याने पुसली, पाटावर ओळीने मांडली, प्रत्येकीला कुंकवाचं बोट लावलं, दोन समया लावल्या आणि आरती सुरू केली.

सोमवारी सर आले तेव्हा मी तिथे होतो. आबा हातात प्रसादाची वाटी घेऊन दारातच उभे. “साहेब, पूजा झकास व्हयनी.”

सरांनी आत पाहिलं. पाटावर झेंडूच्या पाकळ्यांत नळ्या मांडलेल्या. गुलाबी एकही नाही. सगळ्या ताकासारख्या. मग त्यांनी विचारलं, “सुपडूभाऊ, आरत्या किती म्हटल्या?”

“बठ्ठ्या म्हन्यात साहेब. एकबी सोडी नही.”

सरांनी प्रसाद घेतला, कपाळाला लावला, खाल्ला, वाटी परत दिली आणि वर्गावर गेले.

आबांना खरा प्रकार मी सांगितला. माझ्या जिभेने आयुष्यात जी पापं केली त्यातलं हे पहिल्या तीनांत आहे. ते ऐकून आबांनी करगोट्याची किल्ली सोडून माझ्या टेबलावर ठेवली आणि गावी निघून गेले. आठ दिवस आले नाहीत. नवव्या दिवशी सर मला घेऊन त्यांच्या गावी पोचले. आबा ओट्यावर बसले होते, दाढी वाढलेली, मिशी पडलेली. सरांना पाहून उठलेसुद्धा नाहीत.

“साहेब, मी तोंड कसं दाखाडू? मना हातथीन तुमनं बठ्ठं गयं.”

सर त्यांच्या शेजारी ओट्यावर बसले आणि खिशातून वही काढली. “ते राहू द्या. मला दोन गोष्टी लिहायच्या आहेत. दिवा तेलाचा होता की तुपाचा?”

आबांनी मान वर केली. “तुपना.”

“वाती किती?”

“पाच पाच.” आणि मग आबा एकदम रडायला लागले, आणि रडता रडता म्हणाले, “एक फुलवात आणखी व्हती साहेब, ती बी लिखा.” सरांनी तीही लिहिली. नोंद पूर्ण झाल्यावर त्यांनी किल्ली आबांच्या हातात ठेवली. परतीच्या वाटेवर मी विचारलं, त्या नोंदीचा काय उपयोग? “काही नाही,” सर म्हणाले. “पण नळ्या का गेल्या हे वहीत असायला हवं. पान कोरं सोडायचं नाही.”

आता खरी अडचण अशी, की पुढचा पावसाळा सरांच्या निवृत्तीनंतर येणार होता. प्राचार्यांनी निळ्या शाईत कळवलं, की मेअखेर खोली रिकामी करावी, तिथे क्रिकेटचं सामान ठेवायचं आहे. बारा वर्षांचं काम एका पावसाळ्यावर अडलं होतं, आणि तो पावसाळा उघडा करून पाटावर मांडला गेला होता.

मी सरांना एक सल्ला दिला. तो इथे सांगायला लाज वाटते, म्हणून पटकन सांगून टाकतो. म्हटलं, “सर, काय येणार हे तुम्हाला ठाऊकच आहे. उन्हाळ्याचे आकडे जरा सरकवा आणि छापून टाका. मासा काही तक्रार करायला येत नाही.”

सर रागावले नाहीत. चहा संपवला, कप पालथा घातला. “चौधरी, तुम्ही थापा मारता त्या मला आवडतात. ऐकणाऱ्याला माहीत असतं की तुम्ही थापा मारताय, आणि तुम्हाला माहीत असतं की त्याला माहीत आहे. कोणी फसत नाही. ही थाप त्या जातीची नाही. हिच्यात मासा फसतो. आणि काय येणार हे मला ठाऊक नाही. ठाऊक असतं तर बारा वर्षं कशाला मोजलं असतं?”

त्यानंतर त्या विषयावर मी तोंड उघडलं नाही. खानदेशात ही घटना अजून सांगितली जाते.

मेमध्ये सरांनी उन्हाळ्याचे मासे नव्याने घेऊन नळ्या भरल्या, निवृत्तीचा नारळ घेतला आणि ते यंत्रासकट धुळ्याला बहिणीकडे राहायला गेले. बहीण त्यांच्याहून मोठी. आम्ही सगळेच त्यांना अक्का म्हणत असू. अक्कांच्या मुलाचा धुळ्यात फोटो स्टुडिओ होता, आणि स्टुडिओ म्हटला की अंधारी खोली आलीच, लाल दिव्यासकट. भाच्याने रविवार मामाला देऊन टाकला. अक्कांनी फ्रिजमधला बर्फाचा कप्पा देऊन टाकला. उन्हाळ्याच्या नळ्या तिथे, कुल्फीच्या साच्यांच्या मागे, काळ्या कापडात.

पण मासे मेहरूणचेच हवेत. म्हणून त्या पावसाळ्यात आमच्या घरच्या न्हाणीला काळे कागद चिकटले, रांजण आला, आणि दर दुसऱ्या शनिवारी सर धुळ्याहून येऊन तिथे डोळे काढू लागले. “आंघोळ कुठे करायची?” बायकोने विचारलं. मी म्हटलं, विज्ञानासाठी लोकांनी प्राण दिलेत. ती म्हणाली, त्यांनी आंघोळ करून दिले असतील. रविवारी पहाटे बर्फ भरलेला, बाहेरून काळा रंगवलेला दुधाचा डबा घेऊन सर आणि सुपडूआबा धुळ्याच्या एस.टी.त बसत. एकदा मीही गेलो. म्हणून तो प्रसंग मला सांगता येतो, आणि या खेपेला मी पदरचं फारसं घालत नाही.

एरंडोल सोडल्यावर कंडक्टर आला. धिप्पाड गडी, आवाज असा की ड्रायव्हरला आरशाची गरज नव्हती. त्याने डब्यावर पंच वाजवला. “दूध शे का?”

“नाही,” सर म्हणाले.

“मंग?”

“डोळे.”

गाडीतले सगळे एकदम वळले. पुढच्या बाकावरच्या म्हातारीने नातीला मांडीवर घेतलं. कंडक्टर एक पाऊल मागे सरला. “कोना?”

“माशांचे.”

“उघाडा डबा.”

सुपडूआबा उठून उभे राहिले. डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला. “डबा उघडायना नही.”

“तू कोन रे सांगनारा?”

“मी एकदाव उघाडेल शे,” आबा म्हणाले. “म्हनीसन सांगस.” त्या आवाजात काय होतं कोण जाणे, कंडक्टरने पंच खिशात घातला.

मग सरांनी सांगायला सुरुवात केली. म्हैस आणि कमरेत वळणारा रेणू. चहासारखं पाणी. माशाचा चष्मा. गाडी पारोळ्याला थांबली तेव्हा उतरणारे उतरेनात, कारण माशाने अजून चष्मा बदलला नव्हता. शेवटी म्हातारीने विचारलं, “अन् मंग बदलस का तो?”

“तेच बघायचं आहे, आजी.”

कंडक्टरने डबा उचलला, पुढे नेऊन स्वतःच्या बाकाखाली ठेवला, वरून आपला खाकी कोट पांघरला. आणि धुळ्यापर्यंत दर थांब्याला चढणाऱ्यांना तो ओरडून सांगत होता, “ओ भाऊ, डबाले पाय लावू नका! त्यामा अंधार भरेल शे!”

मोजणी झाली भाद्रपदातल्या एका रविवारी दुपारी. स्टुडिओ बंद. बाहेर भाचा गिऱ्हाइकांना परत पाठवत होता. आत लाल दिव्याखाली सर, सुपडूआबा, अक्का आणि मी. यंत्राची सुई उन्हाळ्याच्या माशांना नऊ घरांच्या आसपास थांबते, हे आधीपासून ठाऊक होतं. पावसाळ्याच्या नळ्यांना ती नऊच्या बरीच पुढे गेली, तर मासा चष्मा बदलतो. नऊलाच थांबली, तर सरांच्या डोक्यातला मासा डोक्यातच पोहत होता, आणि ते तसंच लिहावं लागणार होतं.

सुई वाचायची कोणी? मला वाटलं सर. पण सरांनी खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि तिच्यावर बसले. “मला पंधरा हवेत. मी वाचले तर मला चौदाचे पंधरा दिसतील. सुपडूभाऊ वाचतील.”

“मी?” आबा म्हणाले.

“तुम्हाला काय हवं हे तुम्हाला माहीत नाही. म्हणून तुम्ही.” आणि नळ्या कोणत्या ऋतूच्या, हे आबांनाही माहीत नव्हतं, मलाही नाही आणि सरांनाही नाही. अक्कांनी आदल्या दिवशी नळ्यांना दोरे बांधले होते. काहींना एक गाठ, काहींना दोन. एक गाठ कोणाची आणि दोन कोणाची, ते फक्त अक्कांना ठाऊक.

आबांनी नाकाचा शेंडा मीटरच्या काचेला टेकवला. मी नळ्या लावत होतो.

“एक गाठ,” मी म्हटलं.

“नऊ,” आबा म्हणाले.

“दोन गाठी.”

“पंधरा... ना, थांबा. पंधराच.”

“दोन गाठी.”

“सोळा.”

“एक गाठ.”

“आठ. नऊले कमी शे जरासं.”

सर भिंतीकडे पाहत लिहीत होते. पेन्सिलीचा आवाज तेवढा येत होता. बारा नळ्या झाल्या. शेवटची दोन गाठींची, पंधराची. दोन गाठी उन्हाळ्याच्या निघाल्या असत्या, तर सगळंच उलटं, सगळंच चूक. अक्का कोपऱ्यात स्टुलावर बसल्या होत्या.

“अक्का,” सर म्हणाले, “दोन गाठी कोणाच्या?”

“श्रावणन्या,” अक्का म्हणाल्या. “श्रावणमा कामे दुप्पट ऱ्हातस, म्हनीसन दोन गाठी मार्‍यात.” थोडं थांबून त्यांनी विचारलं, “मंग? बरोबर शे का?”

एवढ्या वर्षांत सर आमच्याशी नेहमी छापील मराठीत बोलले. त्या दिवशी पहिल्यांदाच मी त्यांच्या तोंडून घरची बोली ऐकली. “बरोबर शे, अक्का,” ते म्हणाले. त्यांचं तोंड भिंतीकडेच होतं. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी पाहिलेलं नाही, आणि पाहिलं असं सांगणारही नाही.

सरांनी त्या हिवाळ्यात निबंध लिहून धाडला. उन्हाळा लागायच्या आत ते गेले, धुळ्यालाच, झोपेत. निबंध पुढे छापून आला, पानं फार नव्हती. शेवटी आभारात सुई वाचल्याबद्दल सुपडू पाटील यांचं नाव आहे. ते पान आबांनी चौकटीत घालून लावलं आहे. त्यांना इंग्रजी येत नाही, पण आपलं नाव कुठे आहे तिथे ते बोट बरोबर ठेवतात.

माझ्यापुरते सर त्या रविवारी संध्याकाळी शेवटचे दिसले. मोजणी संपवून आम्ही धुळ्याच्या बसस्थानकावर आलो. आबा आणि मी जळगावच्या गाडीत बसलो, सर पोचवायला आले होते. ते केळी आणायला म्हणून कोपऱ्यावर गेले, तेवढ्यात स्थानकात आणखी दोन गाड्या येऊन आमच्या शेजारी लागल्या. ऊन उतरलेलं, पण अजून तिरपं आणि झगझगीत. आणि सर अख्खी दुपार लाल दिव्यात काढून आलेले; आम्ही निदान गाडीच्या सावलीत होतो. त्यांना काही दिसत नसावं. कपाळावर हात आडवा धरून, हातात केळ्यांची फणी घेऊन ते गर्दीतून आले आणि नंदुरबारच्या गाडीपुढे उभे राहिले. खिडकीतल्या कोणा अनोळखी बाईच्या हातात त्यांनी केळी दिली आणि दोन पावलं मागे सरून हात हलवू लागले.

“सर चुकनात,” आबा म्हणाले आणि हाक मारायला खिडकीतून अर्धे बाहेर झुकले.

मी त्यांचा सदरा धरून त्यांना खाली बसवलं. नंदुरबारच्या गाडीतले लोक एकमेकांकडे बघत होते. मग त्या बाईने केळी मांडीवर ठेवून उलट हात हलवला, मागच्या खिडकीतल्या एकाने हलवला, मग पुढच्याने, आणि बघता बघता अख्खी गाडी सरांना हात हलवू लागली. आमची गाडी सुटली तरी सर हलवतच होते.